जुन्या तुळईतून पेन कातायचं तर

कोल्हापुरात शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ या भागांत जुना वाडा उतरवायला घेतला की चांगल्या तुळया, चौकटी आणि दारं वखारवाल्यानं आधीच धरून ठेवलेली असतात. मागं राहतो तो फुटकळ माल. कुजकी टोकं छाटून उरलेले वाशांचे हातभर तुकडे, कडीपाटाच्या फुटक्या फळ्या, दाराचा अडसर, भिंतीतल्या खुंट्या, जिन्याची एखादी झिजलेली पायरी. यातलं बरंचसं बंबात जातं नाहीतर दगडमातीबरोबर डंपरमध्ये. पेनाला लागतो वीतभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड तुकडा, म्हणजे वखारवाला ज्याच्याकडं बघतही नाही तोच आपला माल.

पेन कातण्याचे व्हिडिओ भरपूर सापडतात. त्यातलं लाकूड मात्र दुकानातून आणलेलं, वाळवलेलं, चारी बाजूंनी गुळगुळीत असतं. घराच्या लाकडात खिळे असतात, चुना असतो, ऑइलपेंटचे थर असतात, नदीकाठच्या घराचं असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुराचा गाळही असतो. म्हणून या लेखात लेथच्या, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राच्या, आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. पेन तडकलं, वाकडं झालं किंवा आतली पितळी नळी सुटली, तर कारण बहुतेक वेळा लेथ सुरू होण्याआधीच घडून गेलेलं असतं.

लाकूड निवडताना

वाड्यात सगळ्यात जास्त मिळतो तो साग, आणि पहिल्या पेनासाठी तोच घ्यावा. वरून काळामिट्ट दिसला तरी रंध्याचा एक हात फिरवला की आतून सोनेरी-तपकिरी रंग आणि तो ओळखीचा तेलकट वास येतो. सागाच्या दोन खोडी आहेत. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळं गम नीट धरत नाही, आणि त्यात वाळूसारखा सिलिकेचा अंश असल्यामुळं हत्याराची धार लवकर जाते. दोन्हींवर उपाय आहेत, पुढं येतील.

शिसव मिळते ती जुन्या पलंगाचे पाय, देवघर, पेटी, खुर्चीचे हात यांतून. जांभळट-काळी, जड, आणि कातल्यावर पॉलिश न करताही चमकणारी. माझ्या मते पेनासाठी हिच्या तोडीचं दुसरं लाकूड आपल्याकडं नाही. शिसवीचं कुळ, म्हणजे डालबर्जिया, २०१७ पासून साईटीस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. घरात वापरायला किंवा पाहुण्याला द्यायला काही अडचण नाही, पण परदेशी विकायचं डोक्यात असेल तर आधी निर्यातीचे चालू नियम बघून घ्या.

बाभूळ गावाकडच्या गोठ्यात शोधा. गाडीच्या चाकाच्या आऱ्या, कुळवाचं दिंड, जुनं जू. लालसर, दगडासारखी टणक, आणि रेषा उलटसुलट असल्यामुळं कातताना ढलप्या उडवणारी. हात बसल्यावर घ्या. आजरा, चंदगड, राधानगरी भागातल्या घरांत फणसाच्या फळ्या सापडतात. ताजा फणस पिवळा असतो, जुना मधाच्या रंगाचा होतो. तो कातायला मऊ आणि शहाणा. आंब्याचं लाकूड पोकळ आणि किडकं निघण्याची शक्यता जास्त, त्यामुळं सुरुवातीला नको.

सरावासाठी एमआयडीसीतून भंगारात येणारी पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींची, लाकडं चालतात. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर ते उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, खुशाल वापरा. ‘एमबी’ शिक्का असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. पॅलेटच्या पाइनचं पेन फार टिकणार नाही, पण आजोबांच्या दारावर पहिला हात चालवण्यापेक्षा हे बरं.

आता हिशोब. चार इंच चौरस तुळईचा फूटभर तुकडा घेतला, बाहेरची खराब कातडी काढून टाकली आणि करवतीच्या पात्यात जाणारं लाकूड धरलं, तरी २० मिमी जाड आणि १३० मिमी लांब असे तीसएक ठोकळे निघतात. सगळ्या भावकीला एकेक पेन दिलं तरी उरतील. एवढ्यासाठी कोरीव खांब, नक्षीची गणेशपट्टी किंवा धडधाकट चौकट कापायला घेऊ नका. तसा माल जसाच्या तसा कुणीतरी लावून घेईल. आपल्याला तुकडे पुरतात.

नख रुतेल इतकं मऊ झालेलं, ठोकल्यावर बद्द आवाज देणारं, किंवा हलवल्यावर पीठ सांडणारं लाकूड बाजूला टाका. पीठ पडतंय म्हणजे किडा अजून आत आहे. जुनी, कोरडी, रिकामी भोकं मात्र चालतात, पेनावर ती छान दिसतात.

खिळे, रंग आणि गाळ

लाकूड घरी आणल्यावर पहिल्यांदा लोहचुंबक फिरवा, तोही जोरदार. जुन्या स्पीकरमागचा चांगला चालतो. चारी बाजूंनी सावकाश फिरवा, कारण डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं पडतं, त्या डागावरूनही माग लागतो. पितळी खिळे आणि स्क्रू चुंबकाला दाद देत नाहीत, म्हणून कोयंडे आणि बिजागऱ्यांच्या जागा डोळ्यांनीच तपासा. खिळा पकडीनं निघत नसेल तर भोवतीचं लाकूड पटाशीनं खणून काढा, नाहीतर तेवढा भाग सोडून कापा. सुताराच्या मशीनवर ठोकळे कापून घ्यायचे असतील तर हे काम झाल्याशिवाय जाऊ नका. “माझं पातं कोण भरून देणार?” असं मिस्त्री विचारणारच, आणि त्याचं बरोबर आहे.

जुना ऑइलपेंट कधीही घासून काढू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखात नव्वद भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चालावं. घासलं की त्याची धूळ श्वासात जाते, घरात लहान मूल असेल तर जास्तच वाईट. रंगाची बाजू करवतीनं पातळ फळीसारखी काढून टाका, किंवा ओलं करून तासणीनं खरवडा आणि तो कचरा गोळा करून पिशवीत बांधा. रंग लागलेल्या ढलप्या बंबात घालू नका.

चुना आणि गाळ ब्रशनं, पाण्यानं धुवा. पुरात बुडालेल्या लाकडाच्या चिरांमध्ये बारीक रेती बसलेली असते आणि ती पटाशीची धार एका फेऱ्यात घालवते. अशा लाकडाचा वरचा अर्धा इंच सरळ सोडून द्यावा.

वाळवण

“शंभर वर्षांचं लाकूड आहे, आणखी काय वाळायचं राहिलंय?” असं वाटतं. पण लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याला वयाचं काही नाही. उतरवलेल्या वाड्याचं लाकूड बऱ्याचदा पावसात उघड्यावर पडलेलं असतं. पेनाच्या आत पितळी नळी असते. पितळ ओलीनं फुगत नाही की सुकल्यावर आक्रसत नाही, लाकूड मात्र आक्रसतं. श्रावणात कातलेलं ओलसर पेन शिमग्याच्या कोरड्या हवेत उभं तडकतं ते याच कारणानं.

म्हणून ठोकळे आधी थोडे जाड, २२-२३ मिमीचे कापा, टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावा आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवा. एका ठोकळ्याचं वजन चाळीस-पन्नास ग्रॅमच असतं, त्यातला फरक स्वयंपाकघरातल्या काट्यावर समजत नाही. दहा ठोकळ्यांची जुडी बांधा, वजन करून तारखेसह त्यावरच लिहा, दर आठवड्याला पुन्हा करा. सलग दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार. कोल्हापुरात हे काम फेब्रुवारी ते मे मध्ये उरकावं. जुलै-ऑगस्टमध्ये वजन थांबलं तरी ते पावसाळी हवेशी जुळून थांबलेलं असतं. ठोकळे फ्रिजच्या मागं किंवा देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले तर पावसाळ्यातही थोडं जमतं.

सामान

सोप्यात सोपं आणि सहज मिळणारं किट म्हणजे ७ मिमी नळीचं स्लिमलाइन, फिरवून उघडणारं. त्यात दोन पितळी नळ्या, निब, फिरकी (पेन फिरवलं की रिफिल आत-बाहेर करणारा भाग), मधली कडी, क्लिप, टोपी आणि रिफिल येतं. ही किटं ऑनलाइन मिळतात. सोबत लहान वूड लेथ, मँड्रेल म्हणजे नळ्या ओवायची सळई, बुश म्हणजे तुकड्यांच्या टोकांना बसणाऱ्या मापाच्या कड्या, ७ मिमी ड्रिल, रफिंग गाउज (चौकोनाचा गोल करायची खोलगट पटाशी), स्क्यू पटाशी (तिरप्या धारेची) आणि बारीक माप घ्यायला एक वर्नियर. मँड्रेल घेण्याआधी आपल्या लेथचा टेपर, म्हणजे सळई बसायचं निमुळतं भोक, १ नंबर मोर्स आहे की २ नंबर, ते बघा.

इथं कोल्हापूरकराची चैन आहे. मँड्रेल आणि बुश उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून मिळतात. किटची निब, कडी आणि क्लिपचा भाग सोबत न्या आणि त्यांच्या मापानं बुश करून घ्या. स्लिमलाइनचा बुश साधारण ८.३ ते ८.४ मिमीचा असतो, पण किट बदललं की माप थोडं सरकतं. हातात नेमका भाग असला की चर्चा लागत नाही. लाकूड मात्र त्यांच्या मशीनवर कातायला सांगू नका. भुसा तेलात मिसळून बेडवर चिकटतो, आणि पुढच्या खेपेला कुणी उभं करणार नाही.

या ८.३ चं गणित ध्यानात ठेवा. नळी ७ मिमीची, बुश ८.३ चा, म्हणजे टोकाला नळीवर लाकूड उरतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. जुनं, ठिसूळ, भोकाभोकांचं लाकूड असेल तर एवढ्या पातळ सालीत ते टिकत नाही. अशा लाकडाला एकाच जाड नळीचं, दणकट किट घ्या. त्याचं ड्रिल वेगळं लागतं, तेव्हा किटवरचं माप वाचा आणि नळी वर्नियरनं मोजा.

कापणं आणि भोक पाडणं

ठोकळा २० मिमी चौरस करून घ्या. लांबीच्या मधोमध, दोन तुकड्यांच्या सांध्यावर, पेन्सिलनं इंग्रजी व्हीसारखी खूण काढा आणि मग तिथंच कापा. पेन जोडताना ही खूण जुळली की दोन्ही अर्ध्यांची रेषा एकातून दुसऱ्यात गेलेली दिसते. रेषा शक्यतो लांबीला समांतर हवी. तिरपी घेतली तर दिसायला बहारदार, पण कातताना उडण्याची भीती जास्त.

प्रत्येक तुकडा नळीपेक्षा सात-आठ मिमी लांब ठेवा. भोक नेहमी सांध्याच्या बाजूनं पाडायला घ्या. ड्रिल खाली जाता जाता थोडं भरकटतं, त्यामुळं जिथून सुरुवात केली ती बाजू अचूक राहते, आणि रेषा जुळवायच्या आहेत त्या तिथंच. लेथच्या चकमध्ये धरून किंवा ड्रिल मशीनच्या खाली वाइसमध्ये उभा धरून, पाचसहाशे फेऱ्यांवर काम करा. जास्त वेग दिलात तर शिसव आणि बाभूळ जळतात.

दर पाच-सहा मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढा आणि खाचांतला भुसा झटका. भुसा आत दबला की ड्रिल तापतं, आणि तापलेल्या ड्रिलनं ठोकळा आतून तडकतो. ती चीर बारीक असते, त्या वेळी दिसत नाही, शेवटी पॉलिश केल्यावर दिसते. धुराचा वास आला तर थांबा, लाकडाला हात लावून बघा, गार होऊ द्या. खालच्या तोंडातून ड्रिल बाहेर पडू देऊ नका, तिथं ढलपी निघते. भोक नळीच्या लांबीपेक्षा थोडं पुढं गेलं की थांबा, मग खालचा जादा भाग करवतीनं कापून टाका, भोक आपोआप उघडं पडतं.

भोकात नळी कोरडीच घालून बघा. अलगद सरकली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर गम लावायला जागाच उरत नाही. खडखडत असेल तर भोक वाकडं झालंय, अशा वेळी सीए (फेव्हिक्विकसारखा झटपट गम) न वापरता इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा गम) वापरा, ते पोकळी भरून काढतं.

नळी चिकटवणं

नळी १५० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर फिरवून खरखरीत करा. चकचकीत पितळाला गम धरत नाही. नळीच्या तोंडात मेण किंवा बटाट्याच्या चकतीचा बुच भरा, म्हणजे गम आत जाणार नाही. ठोकळ्याच्या भोकात अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा, उडून जाऊ द्या आणि लगेच चिकटवा. सागाचं आणि शिसवीचं तेल थोड्या वेळानं पुन्हा वर येतं, म्हणून हे काम लांबवायचं नाही.

मी इपॉक्सीच्या बाजूचा आहे. अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी जमायला रात्र लागते, पण नळी फिरवत, भुसा सारत नीट बसवायला वेळ मिळतो. सीएवाले लोक पाच मिनिटांत मोकळे होतात हे खरं, पण नळी अर्ध्यात अडकली की तो ठोकळा गेलाच. नळी फिरवत फिरवत आत न्या म्हणजे गम सगळीकडं पसरतो. दोन्ही टोकांना लाकूड थोडं जास्त राहू द्या.

गम सुकल्यावर बुच काढा आणि टोकं काटकोनात घासून आणा. त्यासाठी पेन मिल म्हणून एक कटर मिळतो. नसेल तर डिस्क सँडरसमोर ७ मिमी सळई काटकोनात धरणारा साधा लाकडी जिग करा. पितळ चमकलं त्या क्षणी थांबा. पितळ घासलं गेलं तर नळी आखूड होते आणि पुढं रिफिल नीट आत-बाहेर होत नाही.

कातकाम

मँड्रेलवर बुश, तुकडा, बुश, तुकडा, बुश असं ओवा. सांध्याच्या खुणा समोरासमोर ठेवा. टोकाचा नट बोटानं घट्ट होईल इतकाच. पाना लावून आवळलात किंवा टेलस्टॉक (लेथचं सरकतं मागचं टेकण) जोरात दाबलात तर सळई धनुष्यासारखी वाकते आणि पेन लंबगोल होतं. एका बाजूला लाकूड बुशाला मिळालंय आणि दुसऱ्या बाजूला उचललेलं आहे असं दिसलं, तर दोष सळईच्या दाबात शोधा.

चेहऱ्यावर शील्ड, नाकावर एन ९५ मास्क. सागाची आणि शिसवीची धूळ काही लोकांना सोसत नाही, अंगावर पुरळ येतं, दम लागतो. लांब बाह्या, ओढणी, सैल बांगड्या, दोरे, गळ्यातली माळ हे सगळं काढून ठेवा. हातमोजे अजिबात नकोत. फिरत्या लाकडाला हातमोजा अडकला तर हात ओढला जातो.

चौकोनाचा गोल करताना १२००-१५०० फेऱ्या पुरे. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) जवळ आणा, हातानं एक फेरी फिरवून कुठं अडत नाही बघा. रफिंग गाउजची पाठ आधी लाकडावर टेकवा, मग मूठ हळूच वर उचला, धार लाकडात शिरेल. टोकाकडून मध्याकडं जाऊ नका, मध्यातून टोकाकडं जा, म्हणजे कडेची ढलपी निघत नाही. टकटक आवाज थांबला की लाकूड गोल झालं.

गोल झाल्यावर वेग २००० च्या पुढं न्या आणि गाउजनंच आकार द्या. मधे किंचित फुगीर आणि टोकांना बुशाएवढं. बुशाजवळ एक मिलिमीटरभर लाकूड राहिलं की स्क्यू घ्या. भीती वाटत असेल तर स्क्यू आडवी धरून खरवडा. शास्त्राला धरून नाही, पण पेन होतं. कार्बाइडची हत्यारं असतील तर फारच सोपं.

सागासाठी सांगायची मुख्य गोष्ट म्हणजे धार. सिलिकेमुळं एक नळी कातून झाली की धार गेलेली असते. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओढते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या सालीवर ओढ बसली की नळीपासून लाकूडच सुटतं. प्रत्येक तुकड्याआधी धार लावा, आणि शेवटच्या फेऱ्यांआधी पुन्हा लावा. लांब, रिबनसारखा छिलका निघत असेल तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा.

कातता कातता खिळ्याचं जुनं भोक उघडं पडतं. तिथं पातळ सीए सोडा आणि भोक पितळेच्या कीसानं भरा. किल्ल्या करणाऱ्याच्या मशीनखाली हा कीस साचलेला असतो, मागितला तर सहसा कागदात बांधून देतो. पितळ मऊ असल्यानं हत्याराला झेपतं. पेनावर तो बारीक सोनेरी ठिपका आणि त्याभोवतीचा खिळ्यानं पडलेला निळसर काळा डाग शेजारी शेजारी येतात, आणि हे लाकूड घराचं आहे हे न सांगता कळतं. डाग घालवायच्या नादाला लागू नका. (चांदीच्या कामाच्या हुपरी गावचे पाहुणे असले तरी चांदीचा कीस मागू नका, तिथं तो मोजून ठेवलेला असतो.)

जुनी पोकळी किंवा किड्याची वाट लागली तर त्याच लाकडाची बारीक धूळ भरून पातळ सीए सोडा, सुकल्यावर पुढं काता.

घासणं

वेग कमी करा, हजाराच्या आत. १८०, २४०, ३२०, ४००, ६०० अशा क्रमानं, मधला नंबर न गाळता. दर नंबरानंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेनं हलका हात फिरवा, गोल ओरखडे तिथंच जातात. बुशाचं लोखंड घासलं गेलं की त्याची काळी धूळ फणसासारख्या फिकट लाकडात भरते, म्हणून कडेला जपून. स्टीलचा काथ्या सागावर किंवा बाभळीवर वापरू नका. त्याचे अडकलेले कण ओलीनं काळे डाग पाडतात.

चमक

इथं दोन रस्ते आहेत आणि लोक दोन्हीकडून हिरिरीनं भांडतात.

पहिला चपडा लाखेचा, आपल्या सुतारांचं फ्रेंच पॉलिश. १०० मिली स्पिरिटमध्ये २०-२५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. लेथ फिरत असताना टिश्यू पेपरच्या घडीनं पातळ हात लावा, दाबानं तो तापतो आणि चमकतो. असे पाच-सहा हात, वर मेण. कापड वापरू नका, अडकलं तर बोट घेऊन जातं. टिश्यू फाटून सुटतो. लाखेचा रंग सागावर असा काही चढतो की वाड्यातला जुना कपाट-पेटीचा रंग परत येतो. उणीव अशी की घामानं ती हळूहळू निस्तेज होते आणि सॅनिटायझरनं सरळ विरघळते, कारण ती स्पिरिटमध्येच घोळलेली असते.

दुसरा सीए गमचा. पातळ सीएचे थेंब टिश्यूवर घेऊन फिरत्या पेनावर एक झटपट हात, सुकू द्या, पुन्हा. आठ-दहा थर झाले की १००० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं घासा आणि प्लास्टिक पॉलिशनं शेवट करा. ओलं घासण्याआधी टोकांना सीए लावून बंद करा, नाहीतर पाणी रेषेत शिरून टोक फुगतं. खिडक्या उघड्या हव्यात, धूर डोळ्यांना झोंबतो. सुती चिंधीवर सीए ओतू नका, दोघांची प्रक्रिया होऊन चिंधी चटका बसण्याइतकी तापते, धूरही सुटतो. पेन बुशाला चिकटलं तर ओढू नका, सांध्यावर ब्लेडनं गोल रेघ मारून मग वेगळं करा.

कुणाला भेट द्यायचं, किंवा बँकेत दिवसभर हाताळलं जाणार असेल, तर सीए. स्वतःसाठी मी लाखच लावतो. काचेसारखी चकाकी चढवून जुनं लाकूड प्लास्टिकसारखं दिसायला लागलं तर मग वाड्याचा तुकडा कशाला शोधला?

जोडणी

सगळे भाग टेबलावर क्रमानं मांडा. नळीच्या आत गम सांडला असेल तर गोल कानशीनं खरवडा, नाहीतर दाबताना टोक फुटतं. प्रेसची गरज नाही, बेंच वाइसच्या जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावल्या की भागतं.

खालच्या नळीच्या खालच्या टोकात निब दाबा, सरळ, सावकाश. मग वरच्या टोकात, खुणेच्या बाजूनं, फिरकीचं पितळी तोंड दाबा, पण पूर्ण नाही. रिफिल घाला, फिरवा, टोक किती बाहेर येतं बघा. कमी येत असेल तर थोडं आणखी दाबा, पुन्हा तपासा. जास्त दाबली गेलेली फिरकी मागं घेणं त्रासाचं, म्हणून इथं घाई नको. वरच्या नळीच्या वरच्या टोकात क्लिप आणि टोपी दाबा, फिरकीवर मधली कडी सरकवा, खुणेप्रमाणं रेषा जुळवून वरचा अर्धा भाग ढकला.

रिफिल संपलं की दोन्ही अर्धे धरून हलकं फिरवत ओढा, वरचा भाग सुटतो आणि रिफिल फिरकीतून आटे फिरवून निघतं. फिरकीच बिघडली तर लाकूड टाकू नका. रिफिल काढा, फिरकीच्या पोकळीतून ३ मिमीची सळई घालून निब ठोकून बाहेर काढा, मग निबच्या बाजूनं जाड सळईनं फिरकी ढकला. वरच्या अर्ध्यातली टोपी आतून तशीच निघते. नवं किट आणून त्याच लाकडात बसवा, फक्त किट त्याच बनावटीचं घ्या, कारण दुसऱ्या बनावटीच्या निबचा काठ लाकडाशी जुळेलच असं नाही.